आश्रय दिला, कागद नाही

५ जुलै २०२२ ला संध्याकाळी येवल्याहून एका मित्राचा फोन आला. चिचोंडीच्या एमआयडीसीत कुणा परदेशी बाबाला गोळी घातलीय, येतोस का? आम्हा तालुक्याच्या पत्रकारांना असल्या फोनची सवय नसते. आमच्याकडे बातमी म्हणजे कांद्याचा भाव, गारपीट, द्राक्षाचे पैसे बुडवून पळालेला व्यापारी, आणि नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला उसात दिसलेला बिबट्या. निफाडहून विंचूरमार्गे येवला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. सकाळी मोटारसायकल काढली आणि गेलो.

ज्याचा खून झाला तो अफगाणिस्तानचा. पस्तिशीच्या आसपासचा सूफी प्रवचनकार, यूट्यूबवर भरपूर चाहते, काही वर्षांपासून भारतात निर्वासित म्हणून राहत होता. पोलिसांनी त्या वेळी सांगितलं ते असं: तो परदेशी असल्यामुळे त्याला स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नव्हती, म्हणून मालमत्ता जवळच्या स्थानिक लोकांच्या नावावर होती, आणि त्याच मालमत्तेवरून हा प्रकार झाला असावा असा संशय आहे.

मीही बातमी लिहिली. मथळ्यात 'बाबा' आणि 'गोळ्या' हे दोन शब्द होतेच. जमिनीचं ते वाक्य मी पाचव्या परिच्छेदात टाकलं आणि पुढे गेलो. सातबाऱ्यावर एका गुंठ्यासाठी भाऊबंदकीत डोकी फुटतात हे रोज लिहिणारा मी, ज्याच्या नावावर काहीच होऊ शकत नाही अशा माणसाची गोष्ट समोर पडलेली असताना ती मला दिसली नाही. हे मी आज कबूल करतोय, कारण परवा आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सगळे निर्वासित हाकला' असा मेसेज फिरत होता. मी साधा प्रश्न विचारला, की कायद्याने निर्वासित कोणाला म्हणायचं? पन्नास जणांच्या ग्रुपमध्ये दोन वकील आहेत. तेही गप्प बसले. त्यांची चूक नाही. आजच्या भारतीय कायद्यात 'निर्वासित' या शब्दाची व्याख्याच नाही. एके काळी होती, आणि तिचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तरच वाचा.

सुरुवात नाशिकच्या शरणपूर रोडपासून करतो. या रस्त्यावरून आपण हजार वेळा गेलोय. नाव कशावरून पडलं, हे मी चाळिशी येईपर्यंत स्वतःला विचारलं नव्हतं. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या मिशनऱ्याने तेव्हाच्या नाशिक गावाबाहेर एक वस्ती वसवली. ख्रिस्ती झाल्यामुळे घराने आणि जातीने बाहेर काढलेल्या लोकांना राहायला जागा, म्हणून शरणपूर. पुढे काही वर्षांनी तिथे आफ्रिकेतली मुलं आली. अरबी गलबतांतून विकायला नेली जात असताना ब्रिटिश आरमाराने भर समुद्रात सोडवलेली आणि मुंबई बंदरात आणलेली ही मुलं. सोडवली खरी, पण आता ठेवायची कुठे? त्यांतली काही शरणपूरच्या मिशनकडे सोपवली गेली. त्या संस्थेचं इंग्रजी नावच होतं 'आफ्रिकन असायलम'. तिथे त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत मेला तेव्हा त्याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये जेकब वेनराइट होता. तो या नाशिकच्या शाळेत शिकलेला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनला पुरलं, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत हा माणूस उभा होता. इंग्रजी पुस्तकांत या सगळ्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. आपल्या शाळेत मात्र कुणी सांगितलं नाही.

आणि मग धोरण बदललं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी पूर्व आफ्रिकेतच सुटलेल्या गुलामांची वस्ती व्हावी असा आग्रह धरला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ 'फ्रिअरटाउन' उभं राहिलं, प्राइसच तिथे गेले, आणि नाशिकचे आफ्रिकन तिकडे रवाना झाले. शरणपूरचं असायलम संपलं. कुणी आनंदाने गेले असतील, कुणी नसतील. निर्णय झाला होता तो लंडन-मुंबईच्या कागदांवर. नाशिकला राहिलं ते रस्त्याचं नाव.

आता देवळाली. ब्रिटिशांच्या लष्करी छावणीचं गाव. विलायतेला जायच्या बोटीची वाट बघत सोल्जर तिथे इतके दिवस पडून राहायचे की डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाला इंग्रजीत 'डुलाली' म्हणायला लागले, तो शब्द या देवळालीवरून आलाय. दुसरं महायुद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं आली. तिकडे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत पाच कॅम्पांत मिळून नव्वद हजारांवर माणसं होती. ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या कॅम्पचं उल्हासनगर झालं. पिंपरीही तशीच. एक गोष्ट आपण विसरतो: १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे देवळालीला उतरलेला कराचीचा माणूस अकरा-बारा वर्षांपूर्वी आपल्याच इलाख्याचा रहिवासी होता, आणि तरी तो 'निर्वासित' झाला.

मला इथे थोडं रेंगाळायचं आहे. कारण या लोकांसाठी सरकारने नुसती खिचडी शिजवली नाही, कायदे केले. मुंबई प्रांताने १९४८ मध्येच निर्वासितांचा कायदा केला. नोंदणी सक्तीची केली, कोणी कुठे राहायचं हे ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. कायदा कडकच होता आणि लोकांना तो जाचकही वाटला, पण त्यात निर्वासित हा एक माणूस म्हणून होता, त्याच्या नावाची नोंद होती. राज्यघटनेच्या सहाव्या कलमात पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाचा निकाल लावला. १९ जुलै १९४८ च्या आधी आलेला आणि नंतर आलेला, दोघांसाठी वेगवेगळी वाट, पण दोघांना वाट होती. मग १९५० मध्ये क्लेमचा कायदा आला. १ मार्च १९४७ नंतर कोण आपलं घर सोडून आला त्याची व्याख्या झाली, मागे काय सोडलं त्याचा दावा करायची रीत ठरली, दावा तपासणारा अधिकारी नेमला. १९५४ मध्ये भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. लहान दावेदाराला टक्केवारीत जास्त आणि बड्याला कमी, असं त्याचं गणित होतं.

सिंधी घरांत 'क्लेम' हा शब्द आजही सिंधीच असल्यासारखा वापरतात. हे घर क्लेमचं, ती जागा क्लेममधली. माझ्या ओळखीचे एक कापडवाले काका आहेत. ते म्हणाले, "माझ्या वडलांनी तीन खोल्यांचं घर सोडलं होतं, कागदावर मिळालं त्याच्या निम्मंही नाही. पण वडील म्हणायचे, मी भीक नाही घेतली, क्लेम घेतला."

या कायद्यांची काळी बाजूही सांगायला हवी. नाहीतर सिंधी वसाहतींची गोष्ट फार गोड होते. भरपाईच्या त्या गंगाजळीत मोठा वाटा होता तो इथून पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांच्या मालमत्तेचा. 'निष्क्रांत मालमत्ता' असा त्याला सरकारी शब्द होता. त्या कायद्याच्या कचाट्यात प्रत्यक्षात न गेलेली, इथेच राहिलेली माणसंही सापडली आणि स्वतःच्या घरासाठी वर्षानुवर्षं कोर्टात उभी राहिली. शिवाय कागदही लगेच पूर्ण झाले नाहीत. सिंधी विस्थापितांच्या वसाहतींतले जमिनीचे पट्टे नियमित करण्यासाठी राज्य मंत्रिमंडळाला २०२५ मध्ये अभय योजना आणावी लागली. सत्तर-पंचाहत्तर वर्षं! पण भांडायला हातात काहीतरी होतं. अमुक कलम, अमुक अर्ज, अमुक अधिकारी. हे विस्थापितांचे कायदे शेवटी २००५ मध्ये संसदेने रद्द केले, काम संपलं म्हणून. त्यांच्या जागी दुसरं काही आलं नाही.

१९५१ मध्ये जगाने जिनिव्हात निर्वासितांचा करार केला. भारताने सही केली नाही, १९६७ च्या त्याच्या पुरवणी करारावरही नाही. कारणं अगदीच पोकळ नव्हती. तो करार युरोपातल्या युद्धग्रस्तांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला होता. स्वतःच्या खांद्यावर फाळणीचं ओझं असलेल्या देशाला त्यात स्वतःचं काही दिसलं नाही. सही न करणं एक वेळ समजू शकतो. पण घरचा कायदाही केला नाही, हे मला समजत नाही. राहिला तो १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट. ब्रिटिशांनी जाता जाता केलेला. त्याच्या नजरेत माणसं दोनच, नागरिक आणि परकीय. जीव वाचवायला आलेला आणि चोरून धंदा करायला आलेला, दोघंही एकाच खात्यात.

आता पुन्हा शरणपूर रोडवर या. थंडी पडली की आपण स्वेटर घ्यायला कुठे जातो? तिबेटियन मार्केटला. माझ्या आईचा मरून रंगाचा स्वेटर तिथलाच, पंधरा हिवाळे झाले तरी लोकर उसवली नाही. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. महाराष्ट्रातही त्यांची एक वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नॉर्ग्येलिंग, १९७२ पासूनची. भात पिकवतात, आणि हिवाळ्यात गावोगावी स्वेटर विकतात. नेहरूंपासून प्रत्येक सरकारने त्यांना चांगलं वागवलं, यात वाद नाही. पण कशाच्या आधारावर? सरकारी आदेशाच्या. त्यांच्याकडे परदेशी म्हणून नोंदणीचं सर्टिफिकेट असतं, आरसी म्हणतात त्याला, ते ठरावीक मुदतीने नवं करून घ्यावं लागतं. वसाहतीची जमीन भाडेपट्ट्याची. २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण काढलं, ते धोरणच आहे, कायदा नव्हे. इथेच जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला पासपोर्ट नाकारला तेव्हा ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१० मध्ये कोर्टाने सांगितलं, की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय आहे. म्हणजे हक्क आधीपासून कायद्यात होता, पण तो आहे हे कळायला साठच्या वर वर्षं होत आलेल्या देशात एका मुलीला कोर्टाची पायरी चढावी लागली.

निर्वासितांच्या बाजूने या देशात जी काही लढाई झाली ती अशीच, एकेक खटला करत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये इराणहून पळून आलेल्या आणि संयुक्त राष्ट्रसंघाने निर्वासित मानलेल्या माणसाला परत इराणला पाठवण्याचा प्रश्नच येत नाही, अशी भूमिका घेतली होती. सगळ्यात मोठा खटला चकमांचा. पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताईचं धरण झालं, चकमांची गावं आणि शेतं पाण्याखाली गेली. १९६४ मध्ये हजारो चकमा भारतात आले, त्यांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवलं. आपल्याकडे धरणग्रस्ताला निदान प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो, नोकरीत, जमिनीत त्याचा उपयोग होवो न होवो. त्यांच्याकडे तेही नव्हतं. नव्वदच्या दशकात तिथल्या विद्यार्थी संघटनेने त्यांना राज्य सोडायला मुदत दिली. तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ च्या निकालात सरन्यायाधीश अहमदी यांच्या पीठाने सांगितलं, की जीविताचा हक्क हा नुसता नागरिकाचा नाही, या भूमीवरच्या प्रत्येक माणसाचा आहे आणि त्याचं रक्षण राज्याने करायचं आहे. आणखी एक आदेश मला फार महत्त्वाचा वाटतो. चकमांचे नागरिकत्वाचे अर्ज जिल्ह्याचे अधिकारी वरती पाठवतच नव्हते. कोर्टाने ते पाठवायला लावले. टेबलाखाली दाबून ठेवलेला अर्ज म्हणजे काय, हे तहसील कचेरीच्या बाकड्यावर बसलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, तीन महिन्यांत नागरिकत्व द्या.

पण खटल्यांचं असं असतं की बाक बदललं की वारं बदलतं. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या अर्जावर त्याच न्यायालयाने त्यांना परत पाठवणं थांबवलं नाही, रीतसर प्रक्रिया करून पाठवा एवढंच सांगितलं. आणि मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळाच्या प्रकरणात न्यायमूर्ती म्हणाले, की भारत काही धर्मशाळा नाही. ते वाक्य सगळ्या वाहिन्यांवर चाललं, आमच्या ग्रुपवरही चाललं. मला मात्र नाशिकची गाडगेबाबांची धर्मशाळा आठवली. धर्मशाळेत नियम असतात हो. वहीत नाव लिहितात, गाव विचारतात, किती दिवस ते ठरतं, आणि एकदा नाव लिहिलं की मध्यरात्री कुणी बखोट धरून बाहेर काढत नाही. आपल्याकडे ती वहीसुद्धा नाही.

वही करण्याचा प्रयत्न झाला नाही असंही नाही. माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये दक्षिण आशियासाठी निर्वासित कायद्याचा नमुना तयार झाला. अर्ज कुठे करायचा, कोण तपासणार, नाकारला तर अपील कुठे, निर्णय होईपर्यंत त्या माणसाने कुठे राहायचं, असं सगळं लिहून काढलेलं. तो नमुनाच राहिला. २०१५ मध्ये लोकसभेत शशी थरूर, वरुण गांधी आणि रवींद्र कुमार जेना या तीन वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांनी आश्रयाबद्दलची तीन खासगी विधेयकं मांडली. तीन पक्षांना एकाच वेळी गरज वाटली हे लक्षात घ्या. थरूरांनी २०२२ मध्ये पुन्हा एक मांडलं. खासगी विधेयकांचं नशीब ठाऊक आहेच. १९७० नंतर एकही मंजूर झालेलं नाही.

दरम्यान २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला. तीन शेजारी देशांतल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. त्यावर मतं टोकाची आहेत आणि इथे ती उगाळायची नाहीत. मला एवढंच दिसतं, की तो कायदा छळाचा पुरावा विचारत नाही, देश, धर्म आणि तारीख विचारतो. येवल्याचा तो अफगाण त्यात बसत नव्हता. १ सप्टेंबर २०२५ पासून चार जुन्या कायद्यांच्या जागी नवा इमिग्रेशन आणि फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला. १९४६ चा कायदा गेला, आनंद झाला, उत्साहाने वाचायला घेतला. निर्वासिताची व्याख्या त्यातही नाही. तिबेटी, श्रीलंकन तमिळ, शेजारच्या देशांतले अल्पसंख्याक यांना काही तरतुदींतून सूट आहे, पण ती आदेशाने. आदेशाने दिलेली सूट दुसऱ्या आदेशाने जाते, हे कांद्याची निर्यातबंदी बघितलेल्या लासलगावच्या शेतकऱ्याला मी काय समजावणार?

माझ्या ग्रुपवरच्या मित्रांचा आक्षेप मला कळतो. आपल्याच पोरांना नोकरी नाही, त्यात बाहेरचे कशाला? शिवाय घुसखोर, खोटी कागदपत्रं, सुरक्षेचा प्रश्न. हे प्रश्न खरे आहेत. सिंधी आपलेच होते, फाळणी आपलीच होती, त्यांची आणि एका अफगाणाची तुलना पूर्ण बसत नाही, हेही मान्य. पण ज्यांना सुरक्षेची काळजी आहे त्यांनी तर कायद्याची मागणी आधी करायला हवी. अर्ज, चौकशी, मुदत, अपील असलं की कोण खरा आणि कोण खोटा हे तपासायला यंत्रणा लागते, फाइल तयार होते. आज दिल्लीत संयुक्त राष्ट्रसंघाचं कार्यालय काही लोकांना निर्वासित म्हणून कार्ड देतं. ते कार्ड घेऊन माणूस आपल्या तालुक्यात आला तर ठाण्याच्या हवालदाराने त्याचं काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मग तो माणूस ओळखीपाळखीवर राहतो, दुसऱ्याच्या नावावर गाडी घेतो, दुसऱ्याच्या नावावर जागा घेतो. ज्याच्या नावावर घेतो त्याच्या मनात काय आहे, ते देवाला ठाऊक.

निर्वासिताला लगेच शेतजमीन द्या असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या मराठी माणसालाही शेती सहजासहजी घेता येत नाही. पण राहतं घर, दुकानाचा गाळा, बँकेतलं खातं, पोरांची शाळा, यासाठी त्याच्या स्वतःच्या नावाचा, ठरावीक मुदतीचा, कोर्टात चालणारा एक कागद असावा. १९४८ मध्ये, तिजोरी रिकामी असताना, लाखो माणसं फलाटांवर झोपलेली असताना, हे सरकारला जमलं होतं.

निफाड हे न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव, त्यामुळे इथला माणूस कायद्यावर लिहायला बसला की रानडे काढतोच. मी शेवटपर्यंत टाळलं होतं, पण राहवलं नाही.

आता एक विनंती. देवळाली, नाशिकरोड किंवा मनमाडकडे कुणाच्या घरी १९४८ ची निर्वासित नोंदणी, क्लेमचा अर्ज, त्यावरचा अधिकाऱ्याचा शेरा, असं काही जुन्या पेटीत असेल तर कळवा. फोटो टाकू नका, त्यात घरच्यांची नावं असतात. मी स्वतः येऊन बघेन. शरणपूरच्या आफ्रिकन मुलांबद्दल घरात काही ऐकलेलं कुणी असेल, तर त्यांच्याकडे आधी येईन.